ऑस्ट्रेलियातल्या मूळ लोकांनी इंग्रजांशी लढाई केलीच नाही का?

संगमनेरकर:

मंडळी नमस्कार. धागा जरा आडवळणाचा आहे पण डोक्यातून जात नाहीये म्हणून टाकतोय. २०२० च्या बॉक्सिंग डे टेस्टला आपल्या अजिंक्यला जे मेडल मिळालं ना (ॲडलेडला ३६ वर गुंडाळल्यानंतरची मेलबर्नची मॅच, पठ्ठ्यानं ११२ मारले होते) त्याचं नाव मुलाघ मेडल, आणि ते मिळवणारा रहाणे पहिलाच. हा जॉनी मुलाघ कोण म्हणून शोधायला गेलो तर तो ऑस्ट्रेलियातला मूळ रहिवासी निघाला, १८६८ साली इंग्लंडला गेलेल्या टीममधला. म्हणजे ऑस्ट्रेलियातून परदेश दौऱ्यावर गेलेली पहिली क्रिकेट टीम गोऱ्यांची नव्हतीच! कर्णधार तेवढा गोरा.

पुढे वाचत गेलो तर अजून एक भानगड. या टीमला सुरुवातीला कोचिंग दिलं टॉम विल्स नावाच्या माणसानं, आणि याच विल्सच्या वडिलांना त्याच्या पाच वर्षं आधी क्वीन्सलंडमध्ये मूळ लोकांनी मारलं होतं, त्यांच्यासकट १९ माणसं, एका दुपारात. टॉम सामान आणायला बाहेर गेला होता म्हणून वाचला.

तर प्रश्न असा की आम्हाला शाळेत काय शिकवलं, कॅप्टन कुक गेला, मग इंग्रजांनी कैदी नेऊन सोडले, मग मेंढ्या, मग सोनं, झाला ऑस्ट्रेलिया. मूळ लोक म्हणजे बूमरँगचं चित्र आणि खाली एक ओळ. रेड इंडियन लोकांचं निदान सिनेमात तरी दिसतं की बाबा ते लढले. इकडे लढाई झाली का, झाली असेल तर कशानं लढले, आणि एवढा मोठा खंड हातचा गेला तो कसा? जाणकारांनी लिहा, मला बेसिकपासून सांगितलं तरी चालेल.

नीरजा_सिडनी:

दादा, झाली की लढाई, आणि सव्वाशे-दीडशे वर्षं चालली, तुकड्यातुकड्यानं. तुम्ही बेसिक म्हणालात म्हणून पेमुलवायपासून सुरू करते.

२६ जानेवारी १७८८ ला इंग्रजांची जहाजं सिडनीला लागली (हो, तीच तारीख, इथं त्या दिवशी सुट्टी असते आणि दरवर्षी मोर्चेही निघतात). पुढच्याच वर्षी देवीची साथ आली आणि गव्हर्नर फिलिपच्याच अंदाजानं आसपासची निम्मी माणसं गेली, म्हणजे लढाई सुरू व्हायच्या आधीच एका बाजूची निम्मी फळी गारद. तरी १७९० च्या डिसेंबरमध्ये बिजिगल लोकांतल्या पेमुलवायनं गव्हर्नरच्या शिकाऱ्याला, मॅकिंटायरला, भाला मारला. हा मॅकिंटायर मूळ लोकांना अजिबात नको होता, त्यांच्याशी तो कसा वागायचा याबद्दल गोऱ्यांनासुद्धा संशय होताच. फिलिपनं चिडून हुकूम काढला की दोघांना जिवंत धरा आणि दहा जणांची डोकी आणा, डोकी आणायला कुऱ्हाडी आणि पिशव्या बरोबर दिल्या. तुकडीचा प्रमुख टेंच यानं घासाघीस करून आकडा सहावर आणला. पन्नासेक माणसं चिखल तुडवत, डास मारत फिरली आणि हात हलवत परत आली. परत गेली, परत तेच. हे टेंचनं स्वतःच लिहून ठेवलंय, आणि वाचताना वाटतं की त्यालाही मनातून बरंच वाटलं असावं.

आता ‘कशानं लढले’. नुसतं भाले विरुद्ध बंदूक असं डोळ्यापुढे आणू नका. त्या काळची मस्केट एकदा झाडली की परत भरायला पंधरा-वीस सेकंद जाणार, पावसात दारू ओली, नेम यथातथा. तेवढ्यात इकडचा माणूस वूमेरा म्हणजे भाला फेकायची जी फळी असते तिच्यातून तीन-चार भाले सोडून झाडीत गडप. आणि मुख्य म्हणजे ते सैन्याशी लढत बसले नाहीत, पोटावर मारलं. हॉक्सबरी नदीच्या काठी दारुग लोकांचे कंद उगवायचे, नेमकी तीच गाळाची जमीन १७९४ पासून गोऱ्यांनी नांगरून मका लावला. लोक आले, आपल्या जागेवर उगवलंय ते घेऊन गेले. गोरे म्हणाले चोरी. मग गोळीबार, मग सूड, मग पिकं जाळणं. जवळजवळ सगळीकडे सुरुवात अशीच झालीय, पाणी आणि खाणं यावरून.

१७९७ मध्ये पेमुलवाय शंभरेक माणसं घेऊन थेट पॅरामाटा गावात घुसला. आज जिथं आपली मंडळी हॅरिस पार्कला किराणा भरायला येतात ना, त्याच्या शेजारीच. त्याला सात छर्रे लागले, डोक्यात आणि अंगात, इस्पितळात पायात बेडी घालून ठेवला. आणि हा बेडीसकट पळाला. त्यानंतर गोळी त्याला मारूच शकत नाही असं लोक म्हणायला लागले आणि गोऱ्यांनीही ते नोंदवून ठेवलंय. शेवटी गव्हर्नर किंगनं बक्षीस लावलं, कैद्यानं मारला तर शिक्षा माफ, इतरांना दारू. १८०२ मध्ये मारला. डोकं स्पिरिटमध्ये घालून इंग्लंडला जोसेफ बँक्स या निसर्गशास्त्रज्ञाकडे पाठवलं आणि सोबतच्या पत्रात किंग म्हणतो की वसाहतीला उपद्रव होता खरा पण शूर आणि स्वतंत्र बाण्याचा माणूस होता. ते डोकं आजतागायत सापडलेलं नाही, इथले लोक अजून मागतायत.

बोरीबंदर:

नीरजा, मस्त प्रतिसाद. मी त्यात मुंबईचं एक शेपूट जोडतो. सिडनीत जिकडे बघाल तिकडे मॅक्वारी, रस्ता मॅक्वारी, युनिव्हर्सिटी मॅक्वारी. हा लॅकलन मॅक्वारी गव्हर्नर व्हायच्या आधी कितीतरी वर्षं आपल्या मुंबईत होता! १७८८ ला ७७ व्या पलटणीबरोबर आला, मुंबईतच लग्न केलं, टिपूविरुद्ध १७९९ ला श्रीरंगपट्टणला लढला, कोचीनला दोन पोरं गुलाम म्हणून विकत घेतली. म्हणजे कुणाला कसं नमवायचं याचं शिक्षण बरंचसं आपल्याकडे झालेलं.

सिडनीत त्याची ख्याती दयाळू गव्हर्नर म्हणून, कैद्यांना वर आणलं वगैरे. आणि याच दयाळू माणसानं १८१६ च्या एप्रिलमध्ये सैन्याला हुकूम दिला की मूळ लोक शरण आले नाहीत तर गोळ्या घाला आणि मोठ्या पुरुषांची प्रेतं झाडाला टांगा, बाकीच्यांना दहशत बसली पाहिजे. १७ एप्रिलला ॲपिन गावाजवळ चांदण्या रात्री कॅप्टन वॉलिसच्या तुकडीनं एका तळाला घेरलं, लोक पळाले ते कड्यावरून खाली पडले. सरकारी आकडा १४, त्यात बायका-पोरं आहेत, खरे किती ते देव जाणे. दोघांची प्रेतं टांगली, डोकी कापली, कवट्या एडिंबरोला गेल्या त्या १९९१ ला ऑस्ट्रेलियात परत आल्या. वर्षानुवर्षं हा माणूस आमच्या फोर्टात फिरला असेल, चर्चला गेला असेल, हे आठवलं की कसंसंच होतं.

डोंगरवेडी:

संगमनेरकर, धागा आवडला. मी होबार्टला राहते म्हणजे टास्मानियात, आणि इथं जे झालं त्याला इथली माणसं सरळ ब्लॅक वॉर म्हणतात, म्हणजे युद्धच. लांबलचक होणार आहे, सवडीनं वाचा.

१८२० नंतर मेंढ्यांसाठी बेटाच्या मधली गवताळ पट्टी गोऱ्यांनी भराभर वाटून घेतली. तीच कांगारूंची चरायची जागा, म्हणजे मूळ लोकांचं जेवण. शिवाय वसाहतीत पुरुष कैदी भरमसाट आणि बायका मोजक्या, त्यामुळे मूळ लोकांच्या बायका-मुली पळवणं हा रोजचा प्रकार, किनाऱ्यावर सीलची शिकार करणारे तर बायका ठेवूनच घ्यायचे. लढाई भडकायला जमिनीइतकंच हे कारण होतं, आणि पुस्तकांत ते बऱ्याचदा एका वाक्यात उरकतात.

लढायची पद्धत ऐका. ते रात्री हल्ला करत नसत, अंधारात दुष्ट शक्ती फिरतात अशी समजूत होती. त्यामुळे दिवस त्यांचा आणि रात्र गोऱ्यांची. दिवसा ते एखाद्या झोपडीवर कितीतरी वेळ लक्ष ठेवणार, आत किती माणसं, बंदुका किती, कोण कधी पाण्याला जातं. मग दोघंतिघं मुद्दाम लांबून दिसतील असे उभे राहून आरडाओरडा करणार, आतले पुरुष बंदूक घेऊन त्यांच्यामागे धावले की दुसऱ्या बाजूनं बाकीचे आत शिरून पीठ, साखर, चहा, ब्लँकेटं घेऊन छपराला आग लावून पसार. आणि गोरे काय करायचे, तर संध्याकाळी लांबून शेकोटीचा धूर हेरून ठेवायचा आणि पहाटेच्या आधी झोपलेल्या तळावर गोळ्या झाडायच्या. थंडीत शेकोटी पेटवली तर मरण आणि नाही पेटवली तरी मरण, कारण इथली थंडी काय असते ते मला विचारा.

१८२८ च्या नोव्हेंबरमध्ये गव्हर्नर आर्थरनं मार्शल लॉ लावला. १८३० मध्ये जिवंत पकडून आणणाऱ्याला बक्षीस, मोठ्या माणसाला ५ पौंड, मुलाला २. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती प्रसिद्ध ब्लॅक लाइन. २२०० च्या वर माणसं, त्यात साडेपाचशे सैनिक, बाकी कैदी आणि शेतकरी, सगळ्यांची ओळ करून बेट विंचरून काढायचं आणि मूळ लोकांना खाली एका द्वीपकल्पात कोंडायचं, असा प्लॅन. आपल्याकडे शिकारीला हाकारे घालतात तसंच. सात आठवडे पावसात भिजले. वसाहतीच्या वर्षभराच्या बजेटच्या जवळपास निम्मा खर्च झाला. हाती काय, दोघं पकडले, त्यातला एक पोरगा, आणि दोघं मेले. कागदावर फजिती, पण एवढं सैन्य एका वेळी अंगावर आलेलं बघून समोरच्यांनाही कळलं असणार की आता हे थांबणार नाही.

ऑयस्टर बे लोकांचा म्होरक्या टाँगरलाँगटर, एक हात गमावलेला, तरी वर्षानुवर्षं लढत राहिला. ३१ डिसेंबर १८३१ ला त्यानं आणि बिग रिव्हर लोकांच्या मॉन्टपेलियाटानं रॉबिन्सन नावाच्या मध्यस्थाचं ऐकून हत्यारं थांबवायचं मान्य केलं. दोन्ही टोळ्या मिळून उरले होते २६. सोळा पुरुष, नऊ बायका, आणि मूल एक. एकच. बाकी आकडे मी विसरेन पण हा नाही विसरत. या २६ माणसांच्या भीतीनं वसाहत दारं लावून बसली होती! ७ जानेवारी १८३२ ला ते भाले घेऊन होबार्टच्या रस्त्यानं चालत गव्हर्नरच्या बंगल्यावर गेले आणि अख्खं गाव बघायला लोटलं. शरण आलेल्या कैद्यासारखे नाही गेले, तह करायला चालल्यासारखे गेले. पण तहाचा कागद कुठं आहे विचाराल तर नाही, कुणी लिहिलाच नाही. सगळ्यांना फ्लिंडर्स बेटावर नेऊन ठेवलं, वायबालेना म्हणून वसाहत, तिथं आजारानं एकेक करून गेले, टाँगरलाँगटर १८३७ ला गेला. सुमारे दोनशे जणांना तिथं नेलं होतं, १८४७ ला परत आले ४७.

आणि एक, प्लीज कुणी लिहू नका की टास्मानियाचे मूळ लोक संपले आणि त्रुगानिनी शेवटची होती. तिचा सांगाडा म्युझियममध्ये १९४७ पर्यंत मांडून ठेवला होता हे खरं, पण लोक संपले हे साफ खोटं, त्यांचे वंशज हजारोंनी आहेत, माझ्या ऑफिसात आहेत.

तिरकस:

माहितीपूर्ण प्रतिसाद, पण थोडा थंड पाण्याचा शिपका मारतो, रागावू नये. एक, प्रत्येक चकमकीला युद्ध म्हणायचं हल्ली फॅड आहे. २६ माणसं म्हणजे युद्ध? राजा नाही, सैन्य नाही, झेंडा नाही. दोन, आकड्यांचा विदा कुठाय? कुणी म्हणतं अख्ख्या देशात २०,००० मूळ लोक मारले गेले, कुणी म्हणतं एकट्या क्वीन्सलंडमध्ये ६५,०००. एवढी तफावत म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. ऑस्ट्रेलियातलेच काही इतिहासकार म्हणतात की हे सगळं फुगवलेलं आहे. आणि तीन, क्वीन्सलंडमध्ये मारणारे नेटिव्ह पोलीस हे स्वतः मूळ लोकच होते ना? मग एकट्या गोऱ्यांच्या नावानं बिल कसं फाडता?

नीरजा_सिडनी:

तिरकस, राग नाही. २६ हा शेवटचा आकडा आहे हो, सुरुवातीचा नाही. आणि झेंडा नव्हता म्हणाल तर खरंय, अडीचशेच्या वर भाषा बोलणारे वेगवेगळे लोक होते, सिडनीच्या पश्चिमेकडच्या विराजुरींचा आणि टास्मानियातल्या पालावांचा काडीचा संबंध नव्हता, त्यामुळे सगळे एक होऊन लढले असं कधी झालंच नाही आणि तेच इंग्रजांच्या पथ्यावर पडलं.

पण युद्ध होतं की नाही हे आपण कशाला ठरवा, तेव्हाच्या सरकारला काय वाटत होतं ते बघा. कायद्यानं मूळ लोक इंग्लंडच्या राजाचे प्रजाजन होते, म्हणजे त्यांनी मारलं तर गुन्हा, युद्ध नाही. मग बाथर्स्टला १४ ऑगस्ट १८२४ ला मार्शल लॉ कशाला पुकारला? ब्लू माउंटन्सच्या पलीकडे चार वर्षांत गोऱ्यांची वस्ती शंभरेकवरून बाराशेच्या वर गेली होती आणि विराजुरी लोक विंडराडाइनच्या मागे उभे राहिले होते. भडका कसा उडाला याची सांगतात ती गोष्ट बटाट्याची आहे. एका शेतकऱ्यानं येणाऱ्याजाणाऱ्या विराजुरी लोकांना कौतुकानं बटाटे दिले, त्यांना आवडले, दुसऱ्या दिवशी ते आपले आपण उकरायला आले तर गोळ्या घातल्या. मार्शल लॉ चार महिने चालला, विंडराडाइनवर ५०० एकर जमिनीचं बक्षीस होतं, एकानंही पकडून दिला नाही. डिसेंबर संपताना तो स्वतःच आपली माणसं घेऊन डोंगर ओलांडून पॅरामाटाला गव्हर्नरच्या वार्षिक जेवणाला हजर झाला, डोक्यावरच्या हॅटला ‘पीस’ लिहिलेला कागद खोचून. गव्हर्नरनं माफ केलं. आणि सगळे गोरे एका माळेचे मणी असंही नव्हतं, सटर नावाच्या कुटुंबातला मुलगा विराजुरी बोलायचा, त्यांच्या घराला विंडराडाइननं हात लावला नाही, तो मेल्यावर पुरला तोही त्यांच्याच जमिनीत.

आकड्यांचं म्हणाल तर न्यूकॅसल युनिव्हर्सिटीनं लिंडल रायन यांच्या नेतृत्वाखाली नकाशा केलाय, एका वेळी किमान सहा निःशस्त्र माणसं मारली गेली आणि पुरावा तपासून पक्का झाला अशाच जागा त्यात घेतल्यात, त्या ४०० च्या वर आहेत आणि त्यातले बळी दहा हजारांच्या वर. एकेकटे मारले गेलेले त्यात धरलेलेच नाहीत. नेमका आकडा मिळत नाही याचं कारण मायल क्रीक वाचलंत की कळेल. १० जून १८३८, किमान २८ माणसं, बहुतेक बायका-मुलं-म्हातारे, दोरीला बांधून नेऊन तलवारीनं कापली आणि मग जाळली. एका कैदी नोकरानं, जॉर्ज अँडरसननं, साक्ष दिली म्हणून खटला उभा राहिला, तोही पहिल्यांदा ज्यूरीनं पाव तासात निर्दोष सोडला, दुसऱ्यांदा लावला तेव्हा सात गोरे फासावर गेले. यांचा म्होरक्या जमीनदार फ्लेमिंग, तो पळाला आणि पुढे सुखानं जगला. मूळ लोकांची स्वतःची साक्ष कोर्टात चालतच नव्हती, बायबलवर शपथ घेता येत नाही म्हणून. फाशीनंतर गोऱ्यांनी मारणं थांबवलं नाही, बोलणं थांबवलं. प्रेतं जाळायची, पिठात विष घालायचं, तोंड बंद. मग विदा कुठून येणार?

तापीकाठ:

तिसऱ्या मुद्द्यावर मी लिहितो, कारण आमच्या खानदेशात हे घडलंय. १८२५ ला आउट्रम या इंग्रज अंमलदारानं धरणगावला भिल्ल कोअर उभी केली, भिल्लांचं बंड मोडायला भिल्लच भरती केले. त्यामुळे नेटिव्ह पोलीस वाचलं तेव्हा मला आधी तेच आठवलं, पण खोलात गेलो तर दोन्हीत जमीनअस्मानाचा फरक आहे.

इकडं इंग्रजाला सारा पाहिजे होता. सारा पाहिजे तर कसणारा माणूस पाहिजे, म्हणून भिल्लांना कोअरमध्ये पगार, शेतीला तगाई, बैल, माफी, वरून दडपशाहीही होतीच, पण हेतू असा की माणूस जागेवर बसला पाहिजे. तिकडं पाहिजे होतं गवत. मेंढीला माणूस लागत नाही, हजार मेंढ्यांमागं एक गुराखी पुरतो. मग त्या जमिनीवरची माणसं म्हणजे नुसती अडचण. म्हणून तिकडच्या नेटिव्ह पोलिसांना कुणाला बसवायचं नव्हतं, हाकलायचं किंवा मारायचं, एवढंच काम. १८४८ ला फ्रेडरिक वॉकरनं पहिली तुकडी भरली ती दक्षिणेला मरे नदीकडची माणसं घेऊन आणि नेऊन सोडली कुठं, तर पार उत्तरेला, जिथली भाषा वेगळी, नाती वेगळी, तिथल्या लोकांच्या लेखी हे परकेच. तर तिरकसराव, ‘त्यांचेच लोक’ म्हणणं म्हणजे पंजाबची पलटण मद्रासेत नेली तर मद्राशांनी मद्राशांना मारलं म्हणण्यासारखं आहे. वर अंमलदार गोरा, रिपोर्टात लिहिणार की टोळीला ‘पांगवलं’, आणि त्यातलेही बहुतेक कागद आता मिळत नाहीत.

हत्यारंही बदलली. नीरजाताईंनी सांगितली ती मस्केट गेली आणि १८६०-७० नंतर मागून भरायच्या स्नायडर रायफली आल्या, मिनिटाला दहा गोळ्या, वर घोडे. तिथं भाल्याचं गणित संपलं. तरी १८८४ ला क्लॉनकरीकडे कालकाडून लोक टेकडीवर दगडांच्या आडोशानं लढले, आणि पश्चिमेला बुनुबांचा जांडामारा, जो आधी पोलिसांचाच ट्रॅकर होता, त्यानं १८९४ ला पोलीस शिपायाला मारून आपलीच साखळीतली माणसं सोडवली आणि तीन वर्षं गुहांमधून पोलिसांना झुलवलं. १८९७ ला मारला तोही दुसऱ्या एका मूळ ट्रॅकरनंच.

तिरकस:

गवत विरुद्ध सारा हा मुद्दा पटला. आकड्यांबद्दल माझं मत तेच आहे, पुरावा नष्ट केला म्हणून वाट्टेल तो आकडा लावता येत नाही, १०,००० कागदावर सिद्ध होतात तर १०,००० म्हणा. बाकी चालू द्या.

संगमनेरकर:

बापरे, एवढं अपेक्षित नव्हतं, सगळ्यांचे आभार. विल्सचं कुणी सांगितलंच नाही पण? बापाला मारलं आणि पाच वर्षांनी हा गडी मूळ लोकांनाच बॅटिंग शिकवतोय, हे मला झेपत नाहीये.

मेलबर्नचा_बाप्या:

संगमनेरकर, ते कुणालाच नीट झेपलेलं नाही. कलिन-ला-रिंगो, म्हणजे विल्स मंडळींचं क्वीन्सलंडमधलं स्टेशन (इकडं मेंढ्यांच्या मोठ्या कुरणाला स्टेशन म्हणतात), १७ ऑक्टोबर १८६१. तिथल्या गायिरी लोकांनी हल्ला केला, पण वैर विल्सशी नव्हतं, शेजारच्या एका स्टेशनवाल्यानं मेंढ्या चोरल्याच्या संशयावरून नेटिव्ह पोलीस घेऊन माणसं मारली होती, त्याचा वचपा नव्यानं आलेल्या विल्स मंडळींवर निघाला. गोऱ्यांच्या बाजूनं एका वेळी एवढी माणसं जाण्याची ही सगळ्यात मोठी घटना, आणि तिचा बदला म्हणून पुढचे महिनोन्‌महिने जे मारले त्यांची संख्या शेकड्यात धरतात. एकोणीस जणांची नावं दगडावर कोरलीत, शेकड्यातल्यांची नाहीत.

टॉमनं ज्यांना कोचिंग दिलं ते मात्र दीडेक हजार किलोमीटर लांबचे, पश्चिम व्हिक्टोरियातले जार्डवाजली वगैरे. वेगळे लोक, हे वर तापीकाठनं सांगितलंच. शिवाय तो लहानपणी व्हिक्टोरियातच मूळ लोकांच्या पोरांबरोबर खेळत वाढलेला, त्यांची भाषा यायची. आणि पैशाचीही चणचण होती म्हणतात, त्यामुळे फार उदात्त काही शोधू नका. त्या पोरांच्या बाजूनं बघा ना, तिकडंही पंचवीसेक वर्षांपूर्वीच लढाई संपली होती, त्यांच्या आईबापांनी ती पाहिलेली. १८६८ च्या दौऱ्यात ४७ मॅच खेळले, १४ जिंकल्या, १४ हरल्या, बाकी ड्रॉ. मुलाघनं १६९८ रन काढले आणि २४५ विकेट घेतल्या, एका दौऱ्यात! किंग कोल नावाचा एक खेळाडू लंडनलाच आजारी पडून मेला. दौऱ्याच्या पुढच्या वर्षी, १८६९ ला, व्हिक्टोरियात कायदा झाला, मूळ लोकांनी कुठं राहायचं, कुठं काम करायचं, हे सरकारी बोर्ड ठरवणार. झाला टीमचा शेवट.

आणि हे सगळं जुनंपुराणं वाटत असेल तर कॉनिस्टन शोधा. १९२८. उत्तरेला वाळवंटात ब्रूक्स नावाच्या डिंगोशिकाऱ्याला (डिंगो म्हणजे इथली रानकुत्री) मारलं म्हणून पोलीस शिपाई मरेनं टोळी घेऊन महिनोन्‌महिने माणसं टिपली, सरकारी आकडाच ३१, चौकशीत सगळे निर्दोष. ऑगस्ट ते ऑक्टोबरमधली गोष्ट, आणि नोव्हेंबरअखेर ब्रिस्बेनला ब्रॅडमन पहिली टेस्ट खेळला. जमीन कुणाचीच नव्हती हे कायद्याचं म्हणणं कोर्टानं रद्द केलं ते १९९२ ला, माबो खटल्यात, निकालाच्या पाचच महिने आधी तो खटला लढणारा एडी माबो वारला होता. आणि कॅनबेराच्या वॉर मेमोरियलमध्ये या लढाया दाखवायच्या की नाही यावर अजून हमरीतुमरी चालू आहे, पहिल्या महायुद्धातल्या गॅलिपोलीच्या लढाईला मात्र पाहिजे तेवढी जागा.

संगमनेरकर:

ब्रॅडमनचं ऐकून गप्पच झालो. बरं, पुढच्या बॉक्सिंग डेला मुलीकडे मेलबर्नला यायचा विचार आहे, बघण्यासारखं काही आहे का यातलं? मॅचव्यतिरिक्त म्हणतोय.

मेलबर्नचा_बाप्या:

या की काका. दोन ठिकाणं सुचवतो, दोन्ही पश्चिमेला. एक हॅरो, मुलाघचं गाव, चारेक तास गाडीनं, तिथं त्याच्या नावाचं मैदान आहे आणि छोटंसं म्युझियम. दुसरं बज बिम, गुंडिचमारा लोकांचं. लाव्ह्याचा खडकाळ मुलूख आहे, घोडा चालूच शकत नाही, म्हणून १८४० च्या दशकात ‘युमेराला’ नावाच्या लढाईत ते मेंढ्या हाकून तिथं न्यायचे आणि पाठलाग करणारे कडेलाच थांबायचे. तिथंच त्यांचे साडेसहा हजार वर्षं जुने दगडी बांध आहेत, पाणी वळवून ईल धरायला, म्हणजे आपला वाम मासा. २०१९ ला युनेस्कोच्या यादीत आलं. गुंडिचमारा लोक स्वतः टूर नेतात, त्यांच्या कॅफेत स्मोक्ड ईल मिळतो, खात असाल तर सोडू नका. डिसेंबरात जाणार तर बुकिंग आधी करा, टोपी न्या, आणि हॅरोकडे निघायच्या आधी टाकी फुल करा, वाटेत पंप फार नाहीत.